नोहेलियाच्या खिशातले शर्ट

"माणसाने मोजायचं युग आज संपलं!" बोगोटाच्या मुख्य कचेरीतून आलेल्या फाब्रिसियोसाहेबांनी बारांकियाच्या कपड्यांच्या दुकानात जाहीर केलं. आता प्रत्येक शर्टाच्या लेबलात चिप होती. हातातलं यंत्र नुसतं फिरवलं की माल आपणहून हजेरी देणार. यंत्र बरोबर मोजतं की नाही हे पडताळायला मात्र साहेबांनी आधी सगळं दुकान हाताने मोजायला लावलं.

काउंटरवरच्या नोहेलियाने तीन तास शर्ट मोजले. नाताळ दोन दिवसांवर आलेला, आणि पाय सकाळपासूनच तिचं ऐकेनासे झालेले. पाचशे बारा भरले.

यंत्राने पाचशे त्रेपन्न सांगितले.

"एक्केचाळीस शर्ट दडलेत कुठंतरी," असं म्हणत साहेब यंत्र पुढे धरून निघाले. यंत्र कुईकुई करत नोहेलियापाशी आलं आणि केकाटलं.

"बाई, सगळे तुमच्या अंगावर आहेत!"

"माझ्या अंगाला माझा एक झगा पुरत नाही, साहेब." तिने एप्रनच्या खिशातून मूठभर लेबलं काढून टेबलावर ठेवली. "सकाळी विकलेल्या शर्टांची आहेत. नाताळची भेट काय किमतीसकट द्यायची? सासरची माणसं पहिली तीच वाचतात. पैसे भरून झाले की मी लेबल फाडते, मग कागदात बांधते. बावीस वर्षं फाडतेय."

साहेबांनी लेबलांकडे पाहिलं. कपाळ पुसलं.

"कळलं हो मला. पण यंत्राने अहवाल आपोआप बोगोटाला धाडलाय. कर्मचारी नोहेलिया, अंगावर एक्केचाळीस शर्ट. खाली तुमची सही हवी."

"पण ते खोटं आहे ना?"

"यंत्र चुकलं असं कळवलं तर माझी नोकरी जाईल."

"आणि मी सही केली तर माझी."

साहेबांनी जरा विचार केला. "तुमची तशीही दीडच वर्षं राहिलीत ना?"

"पेन्शनला तीच दीड वर्षं लागतात, साहेब."

साहेबांनी कागद पुढे सरकवला. वर पेन ठेवलं.

नोहेलियाने पेनाला हात लावला नाही. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल ओढून ती बसली, सुजलेली पावलं तिने चपलांतून बाहेर काढली.

"साहेब," ती म्हणाली, "एक्केचाळीस शर्ट घालून बसलेय. जरा पंखा लावता का?"