बशीतलं बी

सोमवारी सकाळी दहा वाजता आत्याच्या बुटाच्या शिवणीतून काळं बी निघालं. नदीकाठच्या राखीव जंगलात बाहेरचं झाड रुजू नये, म्हणून तिथे जायच्या परवान्यापूर्वी प्रत्येकाचे बूट तपासतात. “बी बाहेरचं असेल तर परवाना नाही,” तपासनीस म्हणाले. पुन्हा नंबर लागायला चार वर्षं लागली असती. “अहो, हे बूट मी तीस वर्षांपूर्वी तिथेच शेवटचे घातले. बी माहेरी निघालंय, जाऊ द्या!” “म्हणजे तेव्हा तुम्ही पळवलंत?” “घाला बेड्या. पण हे आहे कसलं?” तपासनिसांनाही ओळखू येईना. त्यांनी ते बशीत ओल्या कापसावर ठेवलं. आत्या रोज डोकावू लागली. जंगलाकडची होडी शुक्रवारी सुटणार. गुरुवारी दुपारी दोन पानं फुटली. “पहिली दोन सगळ्यांची सारखीच; तिसरं फुटल्याशिवाय झाड कुठलं ते सांगता येत नाही,” तपासनीस म्हणाले. आत्यानं खुर्ची पुढे ओढली. साडेचारला तिसरं पान उलगडू लागलं, तेव्हा भिंग तिच्या हातात होतं, परवान्याचा शिक्का तपासनिसांच्या.