चुन्याचा हात

"आजी, डब्यात काय आहे?" बागेच्या गेटवर वॉचमनने विचारलं.

"चुना," रोझा म्हणाली. खोटं बोलायची बाईला सवयच नाही. दहीभात म्हणाली असती तर आत तरी गेली असती.

वॉचमनने झाकण उघडलं. खरंच चुना, चांगला कालवलेला, वर कुंचा. पोपट नाव त्याचं, आणि नोकरी नवी. "अहो आजी, आत्ता कुठे टावर घासूनपुसून उद्घाटन झालंय. रंगबिंग काही चालत नाही तिकडे. माझी नोकरी घालवता काय?" त्याने डबा उचलून आपल्या खुर्चीखाली सरकवला. "जाताना न्या."

"तरी मी सांगत होतो," तिचा नवरा लिनो म्हणाला. कोपरीपासून रिक्षात तो दुसरं काही बोललाच नव्हता. म्हातारा म्हणजे तोंडाचा फाटका.

"तू गप रे," रोझा म्हणाली आणि तरातरा पुढे निघाली.

टावर बागेच्या टोकाला, अगदी खाडीला लागून. पहिल्या महायुद्धात गावातली पोरं गेली ती आलीच नाहीत, त्यांच्या आठवणीला बांधलेला. नावं बागेकडच्या बाजूला कोरलेली. खाडीकडची बाजू कोरी होती, ती गावातल्या बायकांनी घेऊन टाकली. घरातला माणूस पाण्यावर असेल तर पाऊस सरल्यावर घरच्या बाईने तिथे चुन्याचा एक हात मारायचा. ज्या घराची जी जागा ती जागा. भिंत पांढरी झाली की होडीवाल्यांना लांबून वाट कळायची, हेही खरं. पण बायका वाटेबिटेसाठी मारत नव्हत्या. आपला माणूस परत यावा म्हणून मारायच्या.

पुढे मासळी गेली, होड्या गेल्या, लिनोनेही होडी विकून टाकली. बाकीच्या बायकांनी कुंचे टाकले. पण रोझाचा पोरगा मेलरॉय मोठ्या बोटीवर कामाला लागला, म्हणून रोझा एकटी दरवर्षी यायची. आणि यंदा मेलरॉयची बोट तिकडे लढाईच्या पाण्यात अडकलेली. पोराचा फोन नाही, मेसेज नाही. ऑफिसला विचारलं तर म्हणे, काळजी करू नका. काळजी करू नका म्हणायला काय जातं!

दोघं वळसा घालून खाडीच्या बाजूला आली आणि रोझा थांबलीच.

भिंत स्वच्छ होती. एवढ्या वर्षांचा चुना, थरावर थर, सगळा खरवडून काढलेला. आतला काळा दगड धुतलेल्या तव्यासारखा चकचकत होता. शेजारी दोन पोरी सेल्फी काढत होत्या. "किती मस्त केलंय ना," एक म्हणाली.

रोझाने दगडावर हात फिरवला. जरासुद्धा पांढरं हाताला लागलं नाही. मग ती कठड्यावर बसली आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली. "माझ्या पोराचा हात राहिला गो आई यंदा," एवढंच पुन्हा पुन्हा.

लिनोला काही सुचेना. रडणाऱ्या बाईपुढे उभं राहायचं त्याला कधी जमलंच नाही. तो मागे फिरला.

गेटवर पोपट तळहातावर तंबाखू मळत होता.

"जरा चुना दे रे," लिनोने हात पुढे केला.

"तंबाखू पण घ्या की बाबा."

"नको. चुनाच दे. चांगला दे, हात आखडू नको."

पोपटने नळी पिळली. लिनो तळहात सांभाळत, जत्रेतून तीर्थ आणावं तसा, हळूहळू परत आला. रोझाने तो हात पाहिला मात्र, आणि डोळे पुसून उसळलीच. "लाज नाय वाटत? डॉक्टरने बजावून सांगितलंय. पोराचा पत्ता नाय आणि तुला तंबाखू सुचते?"

"तंबाखू कुठाय? बघ तरी." लिनोने तळहात तिच्यापुढे धरला. "हात मार."

रोझाने पाहिलं. चिंचोक्याएवढा चुना.

"एवढाच?" ती म्हणाली. तिचा सगळा धीरच गेला होता. "एवढासा पाण्यातून दिसणार कोणाला, लिनो? तूच म्हणायचास ना, बायकांचे खुळे चाळे म्हणून? जन्मभर हसलास."

"हसलो."

"मग आता कशाला?"

लिनोने खाडीकडे पाहिलं. पलीकडे नुसत्या इमारती. "तुमची भिंत तुम्ही जमिनीवरून बघितलीत," तो म्हणाला. "आम्ही पाण्यातून. सगळ्या बायकांचे हात कसे आडवे, सरळ. खालच्या अंगाला एकच वाकडा. कितीही धुकं असू दे, मला तो दिसायचा गो, रोझा. दिसला की वाटायचं, आता मेलो तरी घरापाशी मरेन."

एवढ्या वर्षांत हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. रोझाने अंगठ्यावर चुना घेतला, गुडघ्यावर हात टेकून वाकली, आपली जागा चाचपली आणि दगडावर रेघ ओढली.

वाकडीच आली.