सत्तेचाळीस नंबर

मोरेनिकेने पाण्यावर तरंगणारा गाठीचा पातळ काप काचेवर अलगद उचलला आणि तो ज्यातून कापला तो मेणाचा ठोकळा उजेडात धरून पाहिला. मेणात गाठीचा जेमतेम नखाएवढा पापुद्रा उरला होता. सत्तेचाळीस नंबर संपत आला होता.

इबादानच्या त्या प्रयोगशाळेत रोज सकाळी आधी सत्तेचाळीसचा काप रंगवायचा, अशी रीत होती. तो तपकिरी झाला की रंग चोख आहे असं समजायचं आणि मगच बाकीच्या रोग्यांचे काप घ्यायचे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात काही पेशी मुळासारख्या असतात. गाठ कापून टाकली तरी त्या पुन्हा फुटतात. त्याच पेशी या रंगाने तपकिरी दिसत. ब्याण्णव गाठींमधून मोरेनिकेनेच ही निवडली होती, कारण इतकी गडद दुसरी नव्हतीच. त्या ठोकळ्याला सगळे लाडाने 'राजा' म्हणत.

रोग्यांना नुसते नंबर होते; नावं वहीत आणि वही कुलपात. नाव कळलं की नजर फितूर होते, असं मोरेनिके म्हणायची. हाताखालच्या सिमिसोलाने एकदा वहीला हात लावला, तर हिने तिला चारचौघांत फैलावर घेतलं होतं. रोग्यांना तर यातलं काहीच सांगायचं नव्हतं. हे संशोधन होतं, उपचार नव्हे. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. आकड्यांचं कुठे काय जळत होतं?

"राजा उठला का?" आत येत प्रोफेसर ओयेलामींनी रोजचा प्रश्न केला.

"उठला, प्रोफ. पण आता फार दिवसांचा सोबती नाही. त्याच गाठीचा दुसरा ठोकळा काढावा लागेल."

"मग तोंड कशाला पाडतेस? ही जात परत येतेच. येऊ दे त्याला पोट धरून, ताजा तुकडा मिळेल."

मोरेनिके खळखळून हसली. आज तिला कशाचंही हसू येत होतं. अकिनलाबीच्या, तिच्या नवऱ्याच्या आणि छोट्या तायोच्या बाबांच्या, आतड्यातली गाठ गेल्या वर्षी याच इमारतीत, वरच्या मजल्यावर काढली होती. वेळेत सापडली, केमोचीही गरज नाही, असं सर्जन म्हणाले होते. तरी ते वर्ष तिने जीव मुठीत धरून काढलं. या रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी आभाराची प्रार्थना होती आणि सगळ्या गोतावळ्याने एकाच निळ्या कापडाचे कपडे शिवले होते.

"रविवारी यायचंच हं, प्रोफ! जोलोफ भात मी स्वतः करणार. आणि आमच्या तायोचे बाबा कसे दिसतात ते बघाच. शिंप्याने त्यांचे कपडे महिन्यात दोनदा कमरेत आत घेतले. विचारतो, यांना पुन्हा नवरदेव व्हायचंय की काय!"

"येतो की," म्हणत प्रोफेसरांनी कपाटाचं कुलूप काढून वही उघडली. रुग्णालयाच्या साठ्यात ठोकळे नावाने लावलेले, दुसरा शोधायचा तर नाव हवंच. त्यांचं बोट ओळींवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. त्यांनी वही मिटली. पुन्हा उघडली.

"कोण हो आपला राजा?" तिने हसतच विचारलं. "नको, सांगू नका. नियम म्हणजे नियम. मिळेल ना दुसरा तुकडा?"

प्रोफेसरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मोरेनिके, शिंप्याने कपडे किती आत घेतले म्हणालीस?"