आईनं बाहेर बसायचं

“डोकं कधीपासून दुखतंय?” तरुण डॉक्टरनं ईशानीला विचारलं.

“महिना झाला. सारखा मोबाइल, दुसरं काय!” उत्तर आईनं दिलं. ईशानीच्या आई डॉ. अनुजा खाडिलकर नुकत्याच किशोरवयीन आरोग्य संघटनेच्या अध्यक्ष झाल्या होत्या.

ही तरुण डॉक्टर त्यांचीच विद्यार्थिनी. ती चाचरत म्हणाली, “मॅडम, जरा बाहेर बसता? मुलांशी बोलताना आईवडील बाहेर, हा नियम तुम्हीच घालून दिलाय.”

“अगं, ती माझ्यापासून काही लपवत नाही.”

ईशानी उठली आणि तिनं आईसाठी दार उघडून धरलं.

बाहेर बाकावरची एक बाई फणकारली, “तुम्हालाही काढलं? पोटच्या पोरीपासून आईला लांब ठेवायचं, कुणाचं हो हे खूळ?”

तेवढ्यात आतून ईशानीचा हुंदका ऐकू आला. घरी ती शेवटची कधी रडली होती, अनुजाताईंना आठवेना.

“माझंच,” त्या खालमानेनं म्हणाल्या.