मनगटावरची खूण

"चाव हे," म्हणत यिमने लेकाच्या तोंडात ओली चिंधी कोंबली आणि चुलीतला विळा बाहेर काढला.

नदीच्या वळणावर ढोल वाजत होता. सयाम आणि अन्नाम या दोन राज्यांच्या कात्रीत सापडलेल्या काम्पोंग स्दाव गावची माणसं निशाण दिसायच्या आधी आवाजावरूनच राजा ओळखत. सयामी फौज झांजा वाजवत यायची, अन्नामी ढोल बडवत. हा ढोल होता.

केवच्या डाव्या मनगटावर सयामी खूण गोंदलेली होती. गावातल्या प्रत्येक तरुणाच्या होती. ती असली, की माणूस सयामच्या राजाचा. मागल्या खेपेला अन्नामी आले, तेव्हा त्यांनी अशी मनगटं शोधून शोधून तोडली. केवचा बाप याच अंगणात रक्त जाऊन मेला.

केवने चिंधी थुंकली. "आई, नको गं! मी रानात पळतो."

"पळशील कुठं? पलीकडंही राजाच बसलाय."

तिने चिंधी परत कोंबली आणि लालभडक विळा खुणेवर दाबला. केव गुरासारखा हंबरला. जळक्या मांसाचा वास घरभर पसरला.

थोड्याच वेळात शिपायांनी तरुणांना विहारापुढे रांगेत उभं केलं. बायका कुंपणाशी थांबल्या. यिमने निशाणं पाहिली. फौज सयामी होती. ढोल अन्नामींकडून लुटलेला; शिपाई तो गंमत म्हणून बडवत होते.

सरदार पहिल्या माणसापाशी, माओ नावाड्यापाशी थांबला.

"खूण कुठंय?"

"चुलीवर पडलो, सरकार."

तलवार फिरली. माओचं मुंडकं धुळीत घरंगळलं.

सरदार पुढे सरकला. दुसरं मनगट जळलेलं. तिसरंही. रांगेच्या टोकापर्यंत तेच, फोड आलेली, काळी पडलेली मनगटं.

"सगळं गाव एकाच सकाळी चुलीवर पडलं का रे?"

शिपाई खदाखदा हसले. सरदार हसला नाही. सगळ्यांना कापलं, तर फौजेचं ओझं कोण वाहणार? त्याने गोंदणाऱ्याला हाक मारली.

"आयांनी दोन-दोन हात देऊन जन्माला घातलंय ना? उजव्यांवर गोंदा."

केवची पाळी आली. त्याने हात पाठीमागे लपवला. "नाही! मी कुणाचा नाही!"

तलवार पुन्हा वर गेली.

कुंपण मोडून यिम धावली. लेकाचा उजवा हात तिने ओढून काढला आणि सुईखाली दाबून धरला.

"खोल टोचा, सरकार," ती म्हणाली. "जळाली तरी जाणार नाही, इतकी खोल."