गादी

"गादी पार झिजली, भाऊसाहेब!" एक्स-रे उजेडापुढे धरून डॉक्टर ओरडले. साखर कारखान्याच्या चेअरमनना हल्ली ऐकू कमी यायचं. "हाडांमधली ही कूर्चेची गादीच गुडघ्यावरचा सगळा भार झेलते. दाबली की पाणी सोडते, मोकळी झाली की परत शोषून घेते. तिला ना रक्त, ना नस. म्हणून बिचारी तक्रार न करता झिजत राहते. आता गादी बदला, उशीर नको!"

ऑपरेशनला होकार देऊन भाऊसाहेब काठी टेकत बाहेर आले, तर बाकं ओस पडली होती. सोबत आलेल्या कार्यकर्त्यांपैकी एकटा गेनबा कोपऱ्यात बसला होता. प्रत्येक विजयी मिरवणुकीत साहेबांचा अवाढव्य देह खांद्यावर घेऊन नाचायचा, तोच हा गेनबा.

"बाकीचे कुठं गेले?"

"गादी बदला म्हणले न्हवं डॉक्टर? सगळी हार घेऊन तुमच्या पुतण्याकडं पळाली."

भाऊसाहेबांना गहिवरून आलं. "तू तेवढा माझा राहिलास रे!"

"कसलं काय, साहेब," गेनबा गुडघा चोळत म्हणाला. "मीबी निघालोच हुतो. उठताच येईना."