तरंगता रुसवा

मुकुंदराव तलावाकाठच्या तंबूत शिरले आणि त्यांनी आतून चेन लावून घेतली. "सॉरी म्हणशील तेव्हाच बाहेर येईन!" डोंगरावर वाट त्यांच्यामुळे चुकली, हे बायकोने, वासंतीबाईंनी, सगळ्या ग्रुपला सांगितलं होतं.

तंबूच्या खुंट्याही त्यांनी आपल्याच पद्धतीने ठोकल्या होत्या. दुपारी वारा सुटला, तसा तंबू घसरत पाण्यात गेला आणि हवेच्या गादीसकट तरंगू लागला.

"अहो, तुम्ही तलावात आहात!" वासंतीबाई किंचाळल्या.

"तंबू हलवलास म्हणून मी बाहेर येणार नाही!" आतून आवाज आला.

तलावाच्या रखवालदाराने काठावरून शिट्ट्या फुंकल्या. मुकुंदरावांना तीही बायकोचीच युक्ती वाटली. शेवटी वासंतीबाई बुटांसकट पाण्यात उतरल्या, तंबूपाशी पोहोचल्या आणि म्हणाल्या, "सॉरी. चुकलं माझं."

चेन झर्रकन उघडली. चहूकडे पाणी पाहून मुकुंदराव पांढरेफटक पडले. "वासंती, मी कृष्णा नदी पोहून पार केली म्हणायचो, ते खोटं होतं गं. मला पोहता येत नाही."

"ते मला लग्नानंतर आठवड्यातच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "उभे राहा. पाणी कमरेएवढंच आहे."